फुस्तातची अडगळ आणि मंगळूरची अशू (थ्रेड)

१७ ऑक्टोबर ११३२, मंगळूर. मूळचा ट्युनिसियातील महदियाचा असलेला अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी आपल्या दासीच्या मुक्ततेचा दस्तऐवज करतो. दासीचे नाव अशू. दस्तऐवजात तिला नवे नावही मिळते : बेराखा, म्हणजे आशीर्वाद. हा कागद मंगळुरात उरला नाही. तो उरला समुद्रापार, जुन्या कैरोतील एका प्रार्थनास्थळाच्या अडगळीत.

जुने कैरो म्हणजे फुस्तात. तेथील बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक कोठडी होती, 'गेनिझा'. ईश्वराचे नाव असलेला कागद जीर्ण झाला तरी नष्ट करायचा नाही, हा ज्यू धर्मनियम. आपल्याकडे जीर्ण पोथ्या नदीत सोडत. तिकडे त्या साठवून पुढे दफन करीत. फुस्तातमध्ये मात्र बरेचसे कागद शतकानुशतके कोठडीतच पडून राहिले, आणि इजिप्तच्या कोरड्या हवेने ते जपले.

येथील ज्यू दैनंदिन व्यवहार अरबी भाषेत करीत, पण लिहीत हिब्रू लिपीत. मोडीतली चिठ्ठी मोडी येणाऱ्यालाच उकलावी, तसा हा प्रकार. पवित्र लिपीचा मान त्या लिपीतल्या साध्या कागदांनाही मिळाला. म्हणून धर्मग्रंथांच्या पानांसोबत हिशेब, काडीमोडाची पत्रे, मुलांनी गिरवलेली अक्षरे, हे सारे त्या कोठडीत जाऊन पडले. पेशवे दफ्तर जपण्यासाठीच लिहिले गेले होते. गेनिझातले कागद ज्यांनी लिहिले, त्यांना ते कोणी पुढे वाचील याची कल्पनाही नव्हती. त्यांचे मोल नेमके यातच आहे.

१८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या विदुषी जुळ्या बहिणींनी आणलेल्या पानांपैकी एक पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर यांनी ओळखले. ते बेन सिरा या ग्रंथाच्या हिब्रू पाठाचे होते. शेख्टर कैरोला गेले आणि सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आले. त्यांचा ओढा धार्मिक वाङ्मयाकडे होता. व्यापारी पत्रे आणि हिशेब यांना खरा वाचक मिळाला तो विसाव्या शतकात, श्लोमो गोइटाइन यांच्या रूपाने. या 'क्षुल्लक' कागदांवरून त्यांनी भूमध्य समुद्राकाठच्या एका समाजाचे पाच खंडांत चित्र उभे केले.

त्या चित्रात वुहशा भेटते, ११०० च्या सुमारास फुस्तातमध्ये दलाली करणारी श्रीमंत स्त्री. तिच्या मृत्युपत्रात सिनेगॉगांना देणग्या आहेत, मुलाच्या शिक्षणाची तरतूद आहे, आणि ज्याच्यापासून ते मूल झाले त्या प्रियकराला एक कवडीही मिळू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. असा माणूस कोणत्या राजाच्या बखरीत सापडणार?

तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीझ यांचा भाऊ डेव्हिड हाही तिथे आहे. तांबड्या समुद्रावरील आयझाब बंदरातून ११७० च्या सुमारास तो भावाला लिहितो की काफिल्याची सोबत नसताना वाळवंट ओलांडले, येथे निळीखेरीज घेण्याजोगे काही नाही, म्हणून समुद्रमार्गे हिंदुस्थानला जातो. घरच्यांना घाबरवू नकोस. पुढे डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. त्या धक्क्याने मायमोनिडीझ सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले.

या मार्गावर कोकणही आहे. चाच्यांनी लुटलेला एक ज्यू व्यापारी भडोचला अडकला, तेव्हा ११४५ च्या सुमारास त्याच्या मेहुण्याने मंगळुरातून त्याला कळवले : सोने लागले तर माझ्या नावावर तिंबू नाखुदाकडून घे, तो ठाण्यात आहे, त्याचे-माझे भावासारखे सख्य आहे. ज्यू व्यापाऱ्याने अडचणीतल्या आप्ताला निःशंकपणे ज्याच्याकडे धाडावे, असा हा हिंदुस्थानी नाखुदा. (आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' याच शब्दाचे रूप.) बाराव्या शतकातील ठाणे म्हटले की शिलाहारांचे ताम्रपट आठवतात, तिथल्या भरवशाच्या माणसाचे नाव मात्र कैरोच्या अडगळीत मिळते.

आता पुन्हा मंगळूर. बेन यिजूचा तेथे पितळी वस्तूंचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याच्याकडे मोडकी भांडी आणि धातू पाठवीत आणि नवी भांडी घडवून घेत. येथे कागद दुर्मिळ, म्हणून तोही एडनहून येई. मग आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागेत बेन यिजू हिशेब लिही. या काटकसरीमुळे अनेकदा एकाच तुकड्यावर दोन कथा सापडतात. एका हिशेबात 'नायर' नावाच्या मेहुण्याचीही नोंद आहे. तो अशूचा भाऊ असावा आणि बेन यिजूने अशूशी विवाह केला असावा, असे अभ्यासक मानतात.

११४९ मध्ये बेन यिजू मुलांसह एडनला परतला. तेथून भावंडांना लिहिलेल्या पत्रात तो मुलांविषयी बोलतो, घरातल्याच पुतण्याला मुलगी देण्याची इच्छा व्यक्त करतो. अशूविषयी तो काही लिहीत नाही. ती मंगळुरात मागे राहिली की तोवर वारली होती, हे कोणताही कागद सांगत नाही. तिच्या हातची एकही ओळ त्या लाखो तुकड्यांत नाही.

११५६ मध्ये फुस्तातमध्ये बेन यिजूची मुलगी सित अल-दार हिचे चुलतभावाशी लग्न झाले. तिच्याबरोबर दिलेल्या दागिन्या-कपड्यांची यादी गेनिझात टिकून आहे.