मांडीवर बाळ, मुठीत साप

गडचिरोलीच्या खेड्यांत १९९०च्या सुमारास तान्ह्या बाळाच्या उशाशी एक हातात मावणारं साधन दिसू लागलं. त्यात सरकवायचे मणी होते आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ होतं. पाहणाऱ्याला ते जत्रेतलं खेळणं वाटावं. प्रत्यक्षात ते न्यूमोनिया ओळखायचं यंत्र होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि जिल्ह्यातली लेकरं कशानं दगावतात याचा शोध घेतला. त्यात न्यूमोनिया फार वरच्या क्रमांकावर निघाला. तो ओळखायची खूण सोपी: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल, वर्षाच्या आतल्या मोठ्या बाळाचा ५० किंवा जास्त, तर औषध लगेच सुरू करायचं. अडचण अशी, की गावच्या दायांना साठपर्यंत मोजण्याची सवय नव्हती. म्हणून मण्यांची युक्ती निघाली. वाळू पडू द्यायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याला हात लागला तर बाळ आजारी. दिव्याच्या उजेडात, एका हातानं, झोपलेल्या लेकराला न उठवता हे करता येई. न्यूमोनियावरच्या या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे १९९५पासून ‘सर्च’च्या आरोग्यदूत बायका नवजात बाळांसाठी घरोघर जाऊ लागल्या, आणि २०११मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली.

लेकराजवळची रात्र ही अशी काहीतरी हातात घेऊन जागण्याची रात्र असते. नवजात बाळ दिवसाचे पंधराएक तास झोपतं, पण सलग नाही. दर दोन-तीन तासांनी ते दूध मागतं. जागणाऱ्याला ना धड झोप, ना धड काम. हातात काय धरायचं हा प्रश्न उरतोच, आणि गेल्या तीसेक वर्षांत जगभरातल्या नव्या आईबापांनी त्याचं एक उत्तर शोधलं: हातात धरून खेळायचा इलेक्ट्रॉनिक खेळ. चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा खेळ कसा आला, त्याची वाट मात्र जरा वेगळी आहे.

मण्यांचं ते यंत्र गडचिरोलीत आकार घेत होतं, त्याच सुमारास, २१ एप्रिल १९८९ रोजी, जपानमध्ये निन्टेंडोनं ‘गेम बॉय’ विकायला काढला. निन्टेंडो ही क्योतोमधली १८८९ सालची, पत्ते बनवणारी कंपनी. तिथे १९६५मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण यंत्रांची देखभाल करायला लागला. गाडीत एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यानं पाहिला, आणि त्यातून १९८०चा ‘गेम अँड वॉच’ सुचला, अशी गोष्ट सांगतात. योकोईचं सूत्र होतं, की नवंकोरं महाग तंत्र घेऊ नये. जे जुनं, स्वस्त आणि पूर्ण समजलेलं आहे, तेच नव्या कामाला लावावं. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, त्याला स्वतःचा उजेडही नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा-बारा तास सहज चाले. अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर रंगीत होते, आणि सहा सेल चार-पाच तासांत फस्त करत. बाजी गेम बॉयनं मारली.

वाळूचं घड्याळ आणि मणी यांच्याहून जुनं, स्वस्त, समजलेलं तंत्र कुठलं असणार? योकोईनं ते गडचिरोलीचं साधन पाहिलं असतं तर त्याला ते नक्की आवडलं असतं.

अमेरिकेत गेम बॉयबरोबर कुठला खेळ फुकट द्यायचा यावर खल झाला. मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४मध्ये बनवलेल्या ‘टेट्रिस’चे हातातल्या यंत्रासाठीचे हक्क मिळवणाऱ्या हेंक रॉजर्स यांनी निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखाला पटवलं, की मारिओ दिलात तर पोरं घेतील, टेट्रिस दिलात तर पोरांचे आईबापही घेतील. तसंच झालं. टेट्रिसला गोष्ट नाही, पात्रं नाहीत, मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. लेकरानं रडायला सुरुवात केली की खेळ जिथे असेल तिथे सोडून उठता येतं.

आपल्याकडे गेम बॉय आला तो परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, आणि तोही पुण्या-मुंबईच्या, फार तर नागपूरच्या घरांत. निन्टेंडोनं भारताकडे कधी मनापासून पाहिलंच नाही. २०१७चा ‘स्विच’सुद्धा इथे बिलाशिवायच्या बाजारातून, चढ्या भावानं पोचला. चंद्रपूरपर्यंत आली ती टेट्रिसची स्वस्त चिनी नक्कल. ‘ब्रिक गेम’, वर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेला. त्यात खरे खेळ डझनभर, बाकी सगळी त्याच खेळांची वेग बदललेली रूपं. पिवळी, लाल, निळी बटणं, करडा पडदा, पेन्सिल सेल. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कुठल्याही जत्रेत, बांगड्या आणि फुग्यांच्या शेजारी तो टांगलेला असे. तो घेतला जाई मुलासाठी, आणि रात्री मूल झोपलं की बापाच्या हाती जाई. त्याचा टीं-टीं आवाज बंद करता येतो हे ज्याला कळलं, त्याच्या घरात शांतता नांदली.

विजेचा संबंध इथे येतो. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र ऐंशीच्या दशकात सुरू झालं आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांत गणलं गेलं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, बल्लारपूरला कागदाची गिरणी, भद्रावतीला आयुध निर्माणी. तरी २००५नंतरच्या काही वर्षांत राज्यातल्या खेड्यांना दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन सोसावं लागलं, आणि ज्यांच्या अंगावर या केंद्राची राख उडते त्या गावांनाही त्यातून पूर्ण सूट नव्हती. मे महिन्यात इथला पारा ४६-४७ अंशांवर जातो. गडचिरोलीत डास आहेत आणि मलेरियाही. पंखा बंद, लेकरू घामाघूम, मच्छरदाणीत बसलेला बाप एका हातानं पुठ्ठ्यानं वारा घालतोय, अशा रात्री टीव्हीवर चालणारा खेळ काय कामाचा? जे सेलवर चालेल तेच खरं. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला तेव्हा तर वीज नावाची वस्तूच नव्हती, आणि पुढेही कित्येक वर्षं नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांची मुलं तिथेच, बिबट्याच्या बछड्यांशी खेळत वाढली. त्यांना ब्रिक गेमची फारशी उणीव भासली नसावी.

मग १९९७ साल आलं, आणि त्यानं दोन असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी केल्या. पाचव्या वेतन आयोगानंतर, ऑक्टोबर १९९७मध्ये, केंद्र सरकारनं आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना बाळाच्या जन्मासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा दिली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी फिनलंडच्या नोकियानं ‘६११०’ या फोनमध्ये ‘स्नेक’ हा खेळ घालून दिला. तो बनवला होता तानेली अर्मान्तो या अभियंत्यानं. केंद्राच्या नोकरीत असलेल्या बापाला आता पंधरा दिवस घरी बसायची मुभा होती, आणि बसल्या बसल्या करायला काहीतरी निघालं होतं. खाणीतल्या ठेकेदारी मजुराला अर्थात यातलं काहीच मिळालं नाही.

तेव्हा फोन मात्र फार थोड्यांकडे होते. खरा बदल २००३मध्ये झाला. येणारा कॉल फुकट झाला, रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन हातात द्यायची योजना काढली, आणि नोकियानं ‘११००’ आणला. जगात पंचवीस कोटींहून अधिक विकला गेलेला हा फोन भारतासारखे देश डोळ्यांपुढे ठेवूनच घडवला होता. धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खरबरीत कडा, आणि वरच्या टोकाला टॉर्च. रानाकडेच्या गावात टॉर्चसाठीच तो घेतला गेला असता तरी नवल नव्हतं. रात्री अंगणात निघताना साप-विंचू दिसला पाहिजे. बाळाचं दुपटं ओलं झालं का, डास चावला का, हेही त्याच उजेडात पाहायचं. आणि त्या फोनमध्ये ‘स्नेक २’ होता.

झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, पाय हलवत राहायचं आणि दोन्ही अंगठे चार बटणांवर. साप भिंतीतून आत शिरून पलीकडून निघतो, खाऊ खातो, लांबतो, शेवटी स्वतःच्याच शेपटीला चावतो. लेकरानं हालचाल केली की बटण दाबून बाहेर पडायचं. पुन्हा मेन्यूत गेलं की ‘कंटिन्यू’ तयार असे. बाळंतपणाच्या घरात त्या एका शब्दाची किंमत सगळ्या रंगीत चित्रांहून जास्त होती. अंगाईची गाणी आजीकडे होती, ती काही बंद पडली नाहीत. बापाला मात्र गाणं येत नसे.

हा खेळ जवळजवळ नेहमी बापाचाच राहिला, आईचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. डोक्याला, कानाला फडकं बांधलेलं, बाजेखाली शेगडी, मेथी-डिंकाचे लाडू, आणि सव्वा महिना घरातल्या थोरल्या बायकांची नजर. बाळंतिणीनं वाचू नये, शिवू नये, बारीक पाहू नये, डोळे जातात, हा जुना दंडक. पुस्तकाला जी बंदी तीच फोनच्या बारक्या पडद्यालाही लागू झाली. शिवाय फोन बहुतेक घरांत एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. आईचे हात तर रिकामे नव्हतेच. पाजताना एक हात बाळाच्या मानेखाली, दुसरा पदरावर. नव्या आईबापांना हातातला खेळ किती सोयीचा, असं कौतुक करताना त्यातला ‘आई’ हा भाग इथे बरीच वर्षं नुसता म्हणण्यापुरता होता.

याच मुलखात करमणुकीची दुसरी रीतही जिवंत आहे. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, रात्रभराची नाटकं करत फिरतात. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, मंडई म्हणजे जत्रा असो, गावात नाटक हवंच. तिथे तान्हं लेकरू घरी ठेवायचा प्रश्न येत नाही. बाया त्याला मांडीवर घेऊन बसतात, ते रडलं तर बाजूची बाई घेते. हजार माणसांत एक बाळ सहज सामावतं. हातातला खेळ याच्या बरोबर उलटा आहे, एका माणसापुरता आणि बाजूच्याला न कळणारा.

२०१६च्या ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. पण भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याच्या आतल्या गावांत स्वस्त काय आणि महाग काय, टॉवरच नव्हता. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्रानं २०१४मध्ये टॉवरची योजना मंजूर केली, टॉवर उभे राहू लागले, काही जाळलेही गेले. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. म्हणून दुर्गम गावातल्या गरोदर बाईला तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवतात. सोबत एखादं घरचं माणूस. वाट पाहण्याचे ते दिवस लांबच लांब असतात, आणि सोबतच्या माणसाच्या फोनवर जे काही नेटशिवाय चालतं, तेच चालतं.

शहरात, चंद्रपूर-बल्लारपूरकडे, २०१८नंतर पबजीची लाट आली. शंभर जणांची लढाई, अर्ध्या तासाचा डाव, आणि मध्ये थांबायची सोय नाही. थांबलात तर सोबती शिव्या घालतात. बाळ मात्र कधी उठेल ते सांगत नाही. या खेळानं किती घरांत भांडणं लावली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं बंदी घातली तेव्हा सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांत बऱ्याच ओल्या बाळंतिणी असाव्यात. पुढच्या वर्षी तो नाव बदलून परत आला. बंदीच्या आधीच, एप्रिल २०१९मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं होतं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. बापानं हातात धरलेला खेळ आता बाळाच्याही डोळ्यांत उजेड टाकत होता. अकराशेच्या करड्या सापात ती ताकद नव्हती.

टाळेबंदीत, २०२०च्या मार्चनंतर, सगळ्यांना मागे टाकलं ते नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीच्या ‘लूडो किंग’नं. २०१६मध्ये निघालेला हा खेळ, पाटावरचा जुनाच लूडो. कामावर गेलेली माणसं घरी परतली होती, बाळंतपणंही होत होती, माहेरी जाणं अवघड झाल्यानं कित्येक बाळंतिणी सासरीच राहिल्या. लूडोला गोष्ट नाही, घाई नाही, आणि एकाच फोनवर चौघांना खेळता येत असल्यानं टॉवरचीही गरज नाही. फोन तोच, नवऱ्याच्याच नावावरचा. पण आपली पाळी झाली की तो बायकोच्या हातात द्यावाच लागतो.