तेरावा पाहुणा

गोव्यात अलीकडे वाढदिवस, साखरपुडे, जुन्या दोस्तांच्या भेटी यांसाठी यॉट भाड्याने घेण्याची पद्धत रुळली आहे. ज्याचे कार्य तो यजमान, आणि 'आणखी एक माणूस सहज मावेल' हे वाक्य यजमानाच्या तोंडी असायचेच. घरात तेरावे पान वाढायला काही लागत नाही. भाताला मूठभर तांदूळ जास्त, हुमणात वाटीभर पाणी जास्त, झाले. पाण्यावर मात्र बारा आणि तेरा यांच्यामध्ये एक रेघ आहे. ती रेघ कुणी ओढली, का ओढली आणि ती पाळूनसुद्धा माणसे का बुडाली, हे थोडे मागे जाऊन पाहण्यासारखे आहे.

बाराचा आकडा तसा जुना. इंग्लंडच्या १८९४ च्या व्यापारी जहाज कायद्यात बारापेक्षा जास्त उतारू नेणाऱ्या आगबोटीची दरवर्षी तपासणी करण्याची सक्ती होती. टायटॅनिक १९१२ साली बुडाली. तिच्यावर २२०० हून अधिक माणसे होती आणि जीवनौकांत जागा होती फक्त ११७८ जणांची. नियम मोडला होता असेही नाही. त्या वेळचा नियम तर त्याहूनही कमी जीवनौका मागत होता. त्यानंतर समुद्रावरील सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय करार झाले. त्या करारांनुसार आजही बारापेक्षा जास्त उतारू नेणारे जहाज म्हणजे 'प्रवासी जहाज'. आपल्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यानेही हीच व्याख्या घेतली. म्हणजे समुद्रात जाणाऱ्या यॉटवर तेरावा पाहुणा चढला की बोट तीच राहते, पण कायद्याच्या लेखी ती वेगळ्या जातीची होते. तिची बांधणी, जीवनरक्षक साधने, खलाशी, तपासणी या सगळ्याला मग वेगळा हिशेब लागतो.

या व्याख्येतली एक गोष्ट यजमानांनी लक्षात ठेवावी. कप्तान, खलाशी आणि एक वर्षाखालचे मूल सोडले तर बोटीवरचा प्रत्येक जण उतारूच. तिकीट काढलेला असो की आग्रहाने बोलावलेला व्याही असो. दोन वर्षांचे पोरही पूर्ण एक. आपल्या नद्यांत फिरणाऱ्या बऱ्याच बोटी अंतर्देशीय प्रवासी बोटी म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांचा आकडा बाराहून मोठा असू शकतो आणि तो बोटीवर लिहिलेला असतो. पण मोजायची रीत तीच.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणातल्या आगबोटींवर बहुतेक माणसे डेकची. वळकटी पसरायची, फळीवर बसायचे, बंदर आले की पडावात उतरायचे. एतद्देशीय उतारूंच्या जहाजांसाठी इंग्रज सरकारने १८७६ आणि १८८७ साली कायदे केले. माणसागणिक डेकवर किती जागा हवी, यावर उतारूंचा आकडा ठरत असे. म्हणजे माणसाला बसायला जागा आहे की नाही, एवढे त्यात दिसे. ती माणसे एकदम उठून एका बाजूला गेली तर बोट काय करील, हे त्या हिशेबात कुठेच नव्हते. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' बोट वादळात नाहीशी झाली आणि तिच्यासोबत सातशेहून अधिक माणसे गेली. जीवनौका आणि जीवरक्षक साधने अपुरी होती, हे पुढे चौकशीत निघाले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

आणि मग 'रामदास'. १९३६ साली बांधलेली ही बोट सुमारे हजार उतारू नेण्याच्या बेताची होती. १७ जुलै १९४७, आषाढातली गटारीची वेळ. सणासुदीला गावी निघालेले चाकरमानी, बाजार करून परतणारे व्यापारी, बायकामुले असे सातशेच्या आसपास लोक सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाले. तासाभराहून थोडा जास्त प्रवास. समुद्र खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ एक मोठी लाट आली, बोट कलली, पाणी आत शिरले. घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले आणि काही मिनिटांत बोट उलटली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. एवढी माणसे बुडत होती आणि मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. बारक्या मुकादम नावाचा कोवळा पोरगा पोहत, वाहत मुंबईच्या किनाऱ्याला लागला तेव्हा बातमी कळली. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून हाती लागली ती माणसे उचलली. सहाशेहून अधिक माणसे गेली. महिनाभरात देश स्वतंत्र झाला आणि त्या आनंदात ही घटना मागे पडली. गिरगावात आणि अलिबागच्या गावागावांत मात्र ती विसरली गेली नाही.

मला या घटनेत सर्वांत बोचते ते हे की रामदासवर तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे नव्हती! आकडा मर्यादेत होता. म्हणजे चुकले ते कुठे? उत्तर शिकागोच्या एका बोटीत सापडते. २४ जुलै १९१५ रोजी 'ईस्टलँड' नावाची सहलीची बोट शिकागो नदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच आडवी झाली. तिच्यावर अडीच हजारांहून थोडे अधिक लोक होते आणि परवानाही साधारण तितक्यांचाच होता. टायटॅनिकच्या धड्यानंतर तिच्यावर जादा जीवनौका चढवल्या होत्या, त्यामुळे ती आधीच माथ्यावर जड झाली होती. वीसेक फूट पाण्यात, काठाला लागून, ८४४ माणसे मेली.

बोटीचे गणित पोत्यांसारखे नसते. पोती ठेवली तिथे राहतात, माणसे हलतात. म्हणून नव्या बोटीची कलचाचणी घेतात. ठरावीक वजने डेकवर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि ओळंबा लावून बोट किती कलते ते मोजायचे. आंतरराष्ट्रीय हिशेबात एक माणूस ७५ किलोचा धरतात आणि उभ्या माणसाचे वजन डेकच्या एक मीटर वर आहे असे मानतात. सगळे उतारू एका कडेला गोळा झाले तरी बोट १० अंशांपेक्षा जास्त कलू नये, अशी अट आहे. यजमानाला सहज सुटलेले 'पाच जण जास्त' म्हणजे पावणेचारशे किलो. ते खाली केबिनमध्ये बसले तर एक गोष्ट, सूर्यास्त बघायला वरच्या मजल्यावर गेले तर अगदी दुसरी. त्यात आपल्या नद्यांचे आणखी एक. समुद्राचे पाणी घनमीटरला सुमारे १०२५ किलो, गोडे पाणी १०००. पावसात मांडवी गोडी होते तेव्हा तीच बोट, तेवढीच माणसे घेऊन थोडी जास्त खोल बसते.

समुद्राला निदान करार तरी होते. नद्यांवरच्या होड्या कितीतरी काळ तारीवाल्याच्या नजरेवरच चालल्या. माळव्यातले देवास जिल्ह्यातील कन्नौद घ्या. तिथून दक्षिणेकडे यायचे तर रस्ता नेमावरला नर्मदेवर येतो आणि पलीकडच्या तीरावर हंडिया. दक्षिण आणि माळवा यांच्यामधला हा जुना उतार. इंग्रजी अमलात नेमावरचा काठ इंदूरच्या होळकरांचा आणि हंडियाचा काठ इंग्रजांच्या होशंगाबाद जिल्ह्याचा. इंग्रजी मुलखातल्या तरींसाठी १८७८ चा कायदा होता आणि एका खेपेला किती माणसे, किती जनावरे घ्यायची याचे नियम करण्याची सोय त्यात होती. दोन राज्यांच्या मधल्या त्या पाण्यात मात्र खरा कायदा म्हणजे नावाड्याचा 'बस्स, आता पुढच्या खेपेला' हा शब्द. तो शब्द ऐकणारे गिऱ्हाईक असेल तर सगळे पार.

तो शब्द ऐकायची आपली तयारी नसते, हे आजवर दिसत आले आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. त्यानंतरची पणजी-बेती फेरीबोटींवरची गर्दी माझ्या पिढीला आठवत असेल. फळी उचलली जात असताना उडी मारून चढणारा शेवटचा माणूस प्रत्येक फेरीला असे आणि त्याला सगळे हात देत. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात ठेक्कडीच्या तलावात 'जलकन्यका' ही दुमजली बोट, काठावरची जनावरे पाहायला लोक एका बाजूला झाले तशी उलटली आणि ४५ पर्यटक गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात शाळकरी मुलांची बोट उलटून तीन मुली गेल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ माणसे गेली. टक्कर हेच त्याचे कारण, यात शंका नाही. पण नीलकमलचा परवाना ८४ उतारूंचा होता आणि बोटीवर शंभराहून अधिक लोक होते. अपघात कुणामुळेही होवो, पाण्यात पडल्यावर प्रत्येकाला एक जीवरक्षक जॅकेट लागते. ती पाटीवरच्या आकड्याच्या हिशेबाने ठेवलेली असतात, आपल्या आग्रहाच्या हिशेबाने नव्हे.

म्हणून मला वाटते, बोटीवर लिहिलेला आकडा हा आपला हक्क नव्हे. शांत पाणी, चालू इंजिन आणि जागच्या जागी बसलेली माणसे, अशा चांगल्या दिवसाची ती शेवटची हद्द आहे. वारा सुटला, भरतीओहोटीची ओढ असली, पाहुण्यांत म्हातारी माणसे नि लहान मुले जास्त असली की तो आकडा आपणच खाली आणायचा. रामदासने हेच शिकवले आहे.

कुणी मित्र यॉट घेऊन मेजवानी करतो म्हणाला तर मी त्याला तीन गोष्टी सांगतो. निमंत्रणे देण्याआधी पाटी वाच, नंतर नव्हे. वरच्या मजल्यावर एका वेळी किती जण चालतील, ते तांडेलाला सगळ्यांदेखत विचार. आणि तांडेल नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, त्याला जादा पैसे तर मुळीच दाखवू नकोस. तेराव्या पाहुण्याला राग येईल. येऊ दे. त्याला दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलाव. तिथे पान वाढायला जागेची अडचण नसते.