त्वचा व मऊ ऊतींचे जंतुसंसर्ग : बारामती–इंदापूर परिसर

त्वचा, तिच्याखालची चरबी आणि स्नायूंवरचे आवरण यांत जंतू शिरून होणाऱ्या विकारांचा गट. केसतूड, गळू, काळपुळी, नखुरडे, पायावर पसरणारी लाल तापट सूज (सेल्युलायटिस) हे सारे याच गटातले. बहुतेकांच्या मुळाशी दोन जंतू असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एका जागी ठाण मांडून पू करतो, तर स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस ऊतींतून झपाट्याने पसरतो. हे जंतू धडधाकट माणसाच्याही नाकात, घशात किंवा कातडीवर वस्तीला असू शकतात आणि कातडी शाबूत असेपर्यंत सहसा काही बिघडत नाही. म्हणून या आजारात जंतू मारण्याइतकेच, तो शिरला त्या वाटेचा बंदोबस्त करणे महत्त्वाचे ठरते. उपचारात नेमका याच गोष्टीचा विसर पडतो.

नीरा डाव्या कालव्याचे आणि उजनीच्या फुगवट्याचे पाणी लाभलेल्या या दोन तालुक्यांत ती वाट बहुधा पायाला असते. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. मग दारं धरणारा माणूस तासन्‌तास सरीतल्या पाण्यात उभा राहतो. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भिजून सोलते, तिथे बुरशी धरते आणि भेगा पडतात. चिखल्या म्हणून सोडून दिलेल्या या भेगांतूनच पुढे पाय सुजतो. फ्रान्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायाचा सेल्युलायटिस झालेल्या १६७ रुग्णांची तुलना २९४ इतर व्यक्तींशी केली गेली. बेचक्यांतल्या भेगा नसत्या तर सुमारे ६१ टक्के प्रकरणे टळली असती, असा संशोधकांचा हिशेब निघाला. बूट घालणाऱ्या युरोपीय पायांचा निष्कर्ष अनवाणी शेतकऱ्याला कसा लावायचा, ही शंका रास्त आहे. पण कातडी ओलसर राहून फाटणे हे कारण दोन्हीकडे तेच. इथे त्यात उसाच्या बुडख्यांची टोचणी, पाचटाचे ओरखडे आणि कोयत्याचे घाव यांची भर पडते. उजनीच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांना चिलापीचा काटा लागतो. गोड्या पाण्यातल्या जखमेत एरोमोनास नावाचा वेगळा जंतू असू शकतो आणि त्याच्यावर नेहमीचे ॲमॉक्सिसिलीन चालत नाही. त्यामुळे जखम कशाने आणि कुठे झाली हे डॉक्टरांना सांगणे गरजेचे आहे. मधुमेहात पायाची संवेदना बोथट झाली असेल तर जखम झाल्याचे कळतही नाही.

सेल्युलायटिसमध्ये बहुधा एकच पाय लाल, गरम, ताणलेला व दुखरा होतो, थंडी वाजून ताप भरतो, जांघेत अवधाण येते. दोन्ही पाय सारखेच सुजलेले असतील तर आधी शिरांचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार शोधावा. गळवात सूज एका जागी जमते, ठणका लागतो आणि मध्यभाग मऊ पडून बोटाखाली पू हलतो. दिसते त्या मानाने वेदना असह्य असणे, कातडी जांभळी-काळी पडणे, पाणी भरलेले फोड येणे, दाबल्यावर करकर जाणवणे ही ऊती कुजत चालल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया लागते. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून सकाळची वाट पाहू नये. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे पू आहे की नाही हे ठरवणे. पू असेल तर तो चिरा देऊन काढावा लागतो, कारण साचलेल्या पुवात औषध धड पोहोचत नाही. गोळ्यांनीच गळू जिरवण्याच्या नादात आठवडा जातो आणि जंतू औषधाला निर्ढावतात. यावर २०१६ सालच्या अमेरिकन चाचणीचा आक्षेप घेता येईल : चिऱ्यानंतर को-ट्रायमॉक्सेझोल दिलेल्यांपैकी ८०.५ टक्के बरे झाले, नुसती बिनऔषधी गोळी दिलेल्यांपैकी ७३.६ टक्के. फायदा खरा आहे आणि ताप, मोठे गळू किंवा मधुमेह असल्यास तो घ्यावाच. पण दोन्ही गटांत चिरा समान होता, आणि त्याच्या जोरावर चौघांतले जवळपास तिघे प्रतिजैविकाविना बरे झाले. पू नसलेल्या सेल्युलायटिसला मात्र प्रतिजैविक हवेच. सौम्य आजारात सेफॅलेक्सिनसारख्या औषधाचा ५ दिवसांचा क्रम बहुधा पुरतो. सोबत पाय उशीवर उंच ठेवायचा आणि बेचक्या कोरड्या करून क्लोट्रिमाझोल लावायचे. ताज्या जखमेवर हळद, राख किंवा चुना न भरता ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस पाहावी.

हे सल्ले ऊसतोड कामगाराला कसे परवडणार, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांच्या गाळपासाठी आलेल्या टोळ्या उचल घेऊन बांधलेल्या असतात; एक दिवस बसले की खाडा पडतो. पाय वर करून पडून राहा, असे त्यांना सांगणे पोकळ आहे. पण भेगेवर लावायचे मलम, कोपीवर येऊन जखम बघणारी आरोग्यसेविका आणि वेळेवर मिळालेल्या गोळ्या यांसाठी काम थांबवावे लागत नाही, तर चिघळलेल्या पायाने अख्खा हंगाम बुडतो. गाळप सुरू होताना कारखान्याने तळावर पायांची तपासणी ठेवणे म्हणूनच न्याय्य आहे. त्याच फेरीत मुलांची खरूजही पाहावी. खाजवून झालेल्या फोडांत स्ट्रेप्टोकॉकस शिरला तर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजणे आणि लघवी चहाच्या रंगाची होणे ही तिची खूण.

एकदा सुजलेला पाय पुन्हा सुजतो, कारण प्रत्येक खेपेला लसिकावाहिन्या खराब होतात आणि साचलेला द्रव पुढच्या संसर्गाला जागा देतो. पायाला वारंवार सेल्युलायटिस होणाऱ्यांना वर्षभर पेनिसिलीनची छोटी मात्रा दिली असता त्या वर्षात २२ टक्क्यांना तो उलटला, न दिलेल्यांत ३७ टक्क्यांना, असे २०१३ च्या ब्रिटिश-आयरिश चाचणीत आढळले. जुनाट सूज असलेल्या पायांना दाबपट्टी बांधण्याच्या २०२० च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत हेच प्रमाण १५ आणि ४० टक्के होते. गोळी बंद केल्यावर तिचा फायदा ओसरतो, त्यामुळे पट्टी आणि चिखल्यांचा इलाज त्यानंतरही चालू ठेवावा लागतो.