उन्हाला हवा मध्यस्थ

मराठवाड्यातील ऊन म्हटले की दुष्काळ आठवतो. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशाच उन्हाकडे रसायनांच्या कारखान्याचे इंधन म्हणून पाहणारा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. इटलीतील बोलोन्याच्या जाकोमो चामिचान यांनी पॉल सिल्बर यांच्यासह सेंद्रिय पदार्थ काचपात्रांत भरून उन्हात ठेवले आणि अनेक अभिक्रिया अभ्यासल्या. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात त्यांनी भाकीत केले की, पुढे कोरड्या प्रदेशांत धूर न ओकणारे उद्योग उभे राहतील.

मग नांदेड-लातूरकडे असे कारखाने का आले नाहीत? ऊन तर भरपूर होते; अडचण होती ते टिपण्याची. बहुतेक साधी सेंद्रिय संयुगे रंगहीन असतात, म्हणजेच दृश्य प्रकाश शोषत नाहीत. ती शोषतात अतिनील किरण; पण उन्हात त्यांचा वाटा थोडा, आणि त्यांच्या जास्त ऊर्जेने नको ते बंधही तुटतात. मध्यस्थ हवा होता.

असा मध्यस्थ असेंद्रिय क्षारांत असू शकतो, याची चुणूक १८४२ मध्येच दिसली होती. जॉन हर्शेल यांनी फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड लावलेला कागद उन्हात धरला. प्रकाशात फेरिक आयन सायट्रेटकडून इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होतो, आणि त्यापासून प्रशियन निळा रंग बनतो. ब्लूप्रिंट ती हीच. आपण निळा रंग पाहतो. सेंद्रिय सायट्रेटचे ऑक्सिडीकरण झाले, हे नजरेआड राहते. मात्र येथे लोह एकदाच कामी येते.

पुनःपुन्हा कामी येणारा मध्यस्थ म्हणजे रुथेनियम व बायपिरिडीन यांचे नारिंगी-तांबडे संयुग. ते १९३६ पासून माहीत होते. निळा प्रकाश शोषून ते इलेक्ट्रॉनची देवघेव करते आणि मूळ रूपात परतते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या डेव्हिड मॅकमिलन आणि विस्कॉन्सिनच्या तेहशिक यून यांच्या गटांनी त्याच्या मदतीने, दृश्य प्रकाशात, कार्बन-कार्बन बंध जोडून दाखवले. सेंद्रिय संश्लेषणात या पद्धतीचा प्रसार त्यानंतर झपाट्याने झाला. चामिचान यांच्या भाकिताला तोवर ९६ वर्षे झाली होती.

रुथेनियम दुर्मिळ व महाग आहे; म्हणून लोह, तांबे यांसारख्या स्वस्त धातूंवर संशोधन चालू आहे. शाळेला मात्र हर्शेल यांचा कागद परवडतो. शिक्षकांना आम्ही सुचवतो: अर्ध्या कागदावर निळा, अर्ध्यावर तांबडा जिलेटिन कागद ठेवून तो काही मिनिटे उन्हात ठेवावा आणि पाण्याने धुवावा. हातमोजे घालावेत, आम्ल जवळ नको. निळ्याखाली रंग उमटेल, तांबड्याखाली जवळजवळ नाही. असे का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.