बिऱ्हाडांची पेठ

नारायण पेठेतल्या फ्लॅटची जाहिरात वाचली की खोल्यांच्या आधी अंतरे सांगितलेली असतात. लक्ष्मी रोड जवळ, अप्पा बळवंत चौक जवळ, लकडी पूल ओलांडला की डेक्कन. शाळा, बँक, दवाखाना, देऊळ, सगळे पायी. घर घेणारा या अंतरांचेही पैसे मोजतो आणि ते रास्तच आहे, कारण शहराच्या कडेला दुप्पट मोठे घर घेऊन रोज दोन तास गाडीत घालवणाऱ्याला जे मिळत नाही ते इथे मिळते. ही अंतरे पेठेला कोणी मिळवून दिली, याचा विचार मात्र फारसा होत नाही. श्रेय सवयीने पेशव्यांच्या नावावर जमा केले जाते. माझ्या मते ते मुख्यतः भाडेकरूंचे आहे. पायी जगता येईल अशी पेठ घडवली ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांनी, आणि घर विकत घेण्याची रीत तिथे खूप उशिरा आली.

पेठ वसली पेशवाईत, आणि तिला नाव मिळाले ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारल्या गेलेल्या नारायणरावांचे. नवी पेठ वसवायची तर शेट्या-महाजन नेमावेत, वसणाऱ्यांना काही वर्षे करमाफीचा कौल द्यावा, अशी त्या काळची रीत होती. घर-जागांचे व्यवहार आणि बोळांचे तंटे ही कोतवालाच्या चावडीची कामे. अरुंद बोळ, रस्त्याला भिडलेली दर्शनी भिंत आणि मागे खोलवर गेलेली जागा हा सांगाडा त्या काळाने दिला हे मान्यच करायला हवे. पण सांगाडा म्हणजे वस्ती नव्हे. पेशवाईतला हा नदीकाठचा भाग आजच्यासारखा घट्ट भरलेला नव्हता. लक्ष्मी रोडवरच्या मुलींच्या शाळेला हुजूरपागा म्हणतात, कारण तिथे सरकारी घोड्यांची पागा होती. मोदी गणपती मोदींच्या बागेतला, असे परंपरा सांगते. म्हणजे पागा, बागा आणि ऐसपैस वाडे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, दरबार गेला, दरबारावर पोसलेली मिळकतही गेली. धनी खचलेल्या अशा वाड्यांचा भाग ओस पडू शकला असता. तो भरला कसा, याचा शोध पुढच्या शतकात घ्यावा लागतो.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये ‘केसरी’, १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, १९१६ मध्ये पुढे सर परशुरामभाऊंचे नाव मिळालेले कॉलेज. ही संस्थांची यादी खरे तर पेठांतल्या खोल्यांच्या मागणीची यादी आहे. कोकणातून, देशावरून मुले शिकायला आली, त्यांचे मास्तर आले, कचेऱ्यांतले कारकून आले, छापखान्यांतले जुळारी आले. यांपैकी कोणाजवळ जागा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, आणि वाड्याच्या मालकाला दर महिन्याला हाती येईल असे उत्पन्न हवे होते. मग वाडा कापला गेला. दर्शनी सोप्यात एक बिऱ्हाड, माजघराला फळ्यांचा आडोसा घालून दुसरे, माडीवर दोन, चौकाच्या मागे पडवीत एखादे. नळ एक, आड असलाच तर सगळ्यांचा, संडास परसात, आणि धुण्याची वेळ ठरलेली. रस्त्याकडच्या खोलीत शिंपी, घड्याळे दुरुस्त करणारा, वह्या बांधणारा किंवा पिठाची गिरणी. आज नगररचनेची पुस्तके ज्याला मिश्र वापर म्हणतात तो कुणी आखून दिलेला नव्हता. भाड्याची एकेक पावती फाटत गेली तसा तो आपोआप झाला.

चालण्याच्या टप्प्यावर इथले जगणे किती अवलंबून होते याचा सर्वांत बोलका पुरावा मला वार लावून जेवण्याच्या पद्धतीत दिसतो. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवत असे. सात घरे सात दिशांना असतील आणि तरीही सकाळची शाळा गाठायची असेल, तर ती सगळी दहा-पंधरा मिनिटांच्या आत असावी लागतात. ही दानधर्माची चाल होती, पण ती विरळ वस्तीत उभीच राहिली नसती. छापखान्यांचेही तेच. मजकूर लिहिणारा, खिळे जुळवणारा, मुद्रिते तपासणारा आणि बांधणी करणारा हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय दैनिक-साप्ताहिकाची वेळ साधत नाही. टिळक सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्यात, म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात राहत होते. बडोद्याच्या गायकवाडांचा नारायण पेठेतला वाडा त्यांनी १९०५ च्या सुमारास घेतला आणि घर, छापखाना, कचेरी, सभेची जागा एकाच आवारात आली. पुण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध घरखरेदींपैकी ही एक. एरवी ज्याच्या हाती पैसा आला त्याने विसाव्या शतकात बहुधा पेठेत घर घेतले नाही. तो पूल ओलांडून डेक्कन जिमखान्यावर, प्रभात रोडवर बंगला बांधायला गेला. पेठेत उरले ते मुख्यतः भाडेकरू, आणि पेठ पायी चालत राहिली.

यावर पहिला आक्षेप रोकडा आहे. भाडेकरूंनीच वाडे मोडकळीला आणले, असे घरमालक म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. साठ-सत्तर वर्षांच्या लाकडी तुळया बदलायला लागणारा पैसा त्या भाड्यातून कधीच निघणार नव्हता, म्हणून कौले फुटली तशीच राहिली, पांढऱ्या मातीच्या भिंती फुगल्या. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये अशी कायमची गोठवण अवाजवी ठरवली, आणि त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. तोवर दोन पिढ्यांचे नुकसान होऊन गेले होते. पण यातून कायदा वाईट आखला होता एवढेच सिद्ध होते. भाड्याची वस्ती म्हणजे मोडकी वस्ती असे त्यातून निघत नाही. ज्या काळात भाडे दुरुस्तीला पुरत होते त्या काळात हेच वाडे उभे होते. आणि गोठलेल्या भाड्याने एक गोष्ट वाचवलीही: निवृत्त शिक्षक, विधवा, जुळारी यांना बाजारभावाने पेठेबाहेर फेकता आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मी खोडून काढू शकत नाही. ही पायी चालणारी पेठ सगळ्यांची नव्हती. बिऱ्हाड देताना जात विचारली जात असे, एकाच आडावर कोण पाणी भरणार हे ठरलेले असे, आणि दलित किंवा मुसलमान कुटुंबाला नारायण पेठेतल्या वाड्यात खोली मिळणे जवळपास अशक्य होते. शाळा-कॉलेज, छापखाना आणि कचेरी पायी गाठता येणे ही मोठी पुंजी होती, आणि ती मोजक्या जातींच्याच हाती राहिली. पेठेच्या जुन्या दिवसांवर लिहिणारे बरेच जण हे गाळतात. ते गाळून लिहिलेला इतिहास खोटा आहे. माझा मुद्दा त्याने मोडत नाही, त्याला धार येते: जागा कोणाला मिळते यावर शहर कोणाचे ते ठरते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीच्या भिंती भिजून बसल्या, वाडे कोसळले, हजारो कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. मालकीहक्काच्या सदनिकांचा कायदा आला तो १९६३ मध्ये, अपार्टमेंट मालकीचा १९७० मध्ये. या दोन कायद्यांनंतरच नारायण पेठेत घर ‘विकत घेणे’ ही सामान्य माणसाची गोष्ट झाली. बिल्डरने मालकाला दोन मजले द्यायचे, जुन्या भाडेकरूंना खोल्या द्यायच्या आणि उरलेल्या विकून खर्च काढायचा, हा सौदा अजून चालू आहे. त्यात मला वावगे वाटत नाही. कोसळणाऱ्या माडीखाली कोणी राहावे, असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. काळजी आहे ती तळमजल्याची. जिथे शिंपी आणि गिरणी होती तिथे खांब आणि गाड्या आल्या. रस्त्याच्या रुंदीवर चटईक्षेत्र ठरते म्हणून बोळातल्या लहान वाड्याचा हिशेब बसत नाही, आणि शेजारच्या दोन-तीन जागा एकत्र करून मोठी इमारत उभी राहते.

पार्किंग नको तर गाड्या कुठे लावायच्या, असे विचारले जाते. हे पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, आणि पेठेतल्या बोळांना सायकल पुरत होती. आजही गाडीची जागा सक्तीने प्रत्येक इमारतीच्या पोटात बांधली की गाडी बोळात यायलाच हवी, आणि ती आली की चालणाऱ्याला भिंतीला चिकटावे लागते. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला. एक दिवस चांगला, पण तळमजल्याचे नियम वर्षभर लागू असतात. पेठेत गाडीच्या सक्तीऐवजी दुकानाची, अभ्यासिकेची, लहान भाड्याच्या खोलीची मुभा मिळाली, तर चालण्याचा रस्ता अधिक टिकेल.

लहान भाड्याच्या खोलीचे गिऱ्हाईक तर तयारच आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-सांगलीकडून येऊन कॉट बेसिसवर राहतात. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातली पुस्तके, रात्री परत अभ्यासिका. बहुतेकांचा सगळा दिवस पायी. १८८० नंतर पेठ ज्यांनी भरली त्यांचे हे सरळ वारस आहेत, आणि या वेळी ते अनेक जातींचे आहेत. नवे फ्लॅटमालक सोसायटीच्या सभेत ‘विद्यार्थ्यांना जागा देऊ नये’ असा ठराव मांडतात, तेव्हा आवाज आणि जिन्यातली चपलांची रास यांविषयीची त्यांची तक्रार खरी असते. पण मेस, झेरॉक्सचे दुकान, रात्री उघडा असलेला चहावाला आणि रात्री दहालाही वर्दळ असलेला बोळ हे सगळे त्याच भाडेकरूंच्या पैशावर चालते. फ्लॅटच्या जाहिरातीत लिहिलेली मिनिटे या भाडेकरूंनी जिवंत ठेवली आहेत, आणि त्यांना जागा नाकारणारा ठराव जाहिरातीतल्या त्याच मिनिटांवर घाव घालतो.