ज्वारी, कोंडा आणि पोटाचा घेर

आहारशास्त्रात नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हैदराबादेत आधी तारनाक्याला जावे. उस्मानिया विद्यापीठाशेजारी राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू झालेले हे काम १९५८ मध्ये इथे आले. बेरीबेरी हा पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांचा रोग. म्हणजे कोंडा काढून टाकल्यावर माणसाचे काय होते, हा प्रश्न संस्थेच्या जन्मापासूनचा.

पण हैदराबादचा दुसरा अनुभव उलट आहे. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा जगापुढे मांडला: उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर आणि हातापायांवर काळे, खरबरीत चट्टे, जुलाब, भ्रम. ज्वारीतल्या ल्युसिनवर त्यांनी ठपका ठेवला, त्यावर पुढे वादही झाले. आज त्याच शहरात, राजेंद्रनगरच्या भरडधान्य संशोधन संस्थेत ज्वारीचे गोडवे गायले जातात. दोन्ही खरे. तेव्हाच्या शेतमजुराच्या ताटात भाकरीखेरीज फारसे काही नव्हते; आता भाकरी येते ती पांढऱ्या भाताच्या, मैद्याच्या जागी. म्हणून ‘अमुक धान्य चांगले’ असे वाक्य दिसले, की ‘कशाच्या जागी?’ असे विचारायची सवय लावून घ्या.

एवढे सांभाळले तर पुरावा भक्कम आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या रेनल्ड्स आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात तंतुमय पदार्थ व अख्खी धान्ये भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात, आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. वजन मात्र थोडेच उतरते, आणि जाहिराती नेमके तेच मोठ्या अक्षरांत सांगतात.

आपल्याकडे तर वजनकाटाच फसवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये दोघांनी स्वतःचेच फोटो छापून हे दाखवले. सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटात साठलेली ही चरबी मधुमेहाला वाट करून देते, म्हणून इथे टेप कमरेला लावायची.

आणखी एक, गिरणीचे. दाणा अख्खा असेल तर पचन सावकाश होते, रक्तातली साखर हळू चढते. तेच धान्य मैद्यासारखे बारीक दळले की कोंडा पिठात असूनही हा फायदा घटतो. बाजारातली पांढरीशुभ्र भगर बहुधा कोंडा गमावलेलीच असते, उपवासाला चालते म्हणून ती अख्खे धान्य ठरत नाही. जगातले बहुतेक अभ्यास ओट, राय आणि गव्हावरचे आहेत. रोज भाकरी खाणाऱ्या माणसांवरचे, वर्षानुवर्षे चाललेले अभ्यास फार थोडे. सोलापूर, लातूर, नांदेडकडून येणाऱ्यांना इथे हवे तेवढे काम पडले आहे. दळण किती जाड ठेवले होते, ते प्रश्नावलीत विचारायला विसरू नका.