फोनची वायर आणि आजीच्या ओव्या

परवा आईचा नवीन फोन सेट करायला बसलो. नंबर, फोटो, सगळं आपोआप आलं. आलं नाही ते एकच: माझ्या कम्प्युटरवर जपून ठेवलेलं आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग. वायर जोडली तर फोनचं फोल्डर रिकामं! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, फोनवर नोटिफिकेशन खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं. नाहीतर वायर फक्त चार्जिंग करते.

हे नेहमी असं नव्हतं, मंडळी. 1996 साली पाम पायलट आला. तो स्टँडवर ठेवायचा, एक बटण दाबायचं, की पत्ते आणि कामांच्या याद्या दोन्हीकडे सारख्या. घर म्हणजे कम्प्युटर, हातातलं यंत्र पाहुणं. ऑक्टोबर 2001 मधला 5 जीबीचा आयपॉडही याच हिशोबाने बनला. फक्त त्यात एक मेख होती. गाणी कम्प्युटरवरून आयपॉडमध्ये जायची, परत यायची नाहीत. रेकॉर्ड कंपन्यांना चोरीची धास्ती, म्हणून. नव्या आयपॉडच्या वेष्टनावर 'गाणी चोरू नका' असं चक्क छापलेलं असायचं! 2007 चा पहिला आयफोन तर कम्प्युटरवरच्या आयट्यून्सला जोडल्याशिवाय सुरूच होत नसे.

आपल्याकडे तेव्हा वेगळंच राज्य होतं. एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये टेकवायचे, की भावगीतं, लावण्या, नवीन हिंदी पिक्चरची गाणी भरून मिळायची. कायदेशीर? अजिबात नाही. गायक-संगीतकारांना त्यातलं काही मिळत नव्हतं, हेही खरंच. पण कार्ड तुमचं असायचं. काढलं, खिशात टाकलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं.

गाडी वळली 2011 च्या सुमारास. त्याआधी अँड्रॉइड फोन कम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखा दिसायचा, पण तेवढा वेळ फोनला स्वतःचंच कार्ड वापरता यायचं नाही. म्हणून एमटीपी नावाची पद्धत आणली. आता फाइल्सचा ताबा फोनकडेच राहतो, कम्प्युटरने फक्त मागायचं. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून तर वायर लावली की आधी नुसतं चार्जिंग, बाकी परवानगीने. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. अनोळखी ठिकाणी चार्जिंगला लावलेला फोन उघडा नको. त्याच 2011 मध्ये आयओएस 5 आणि आयक्लाउड आलं, आणि आयफोनची कम्प्युटरशी बांधलेली गाठ सुटली.

सुटली म्हणजे दुसरीकडे बांधली गेली. 2015 मध्ये गूगल फोटोजने फोटो फुकटात, हवे तेवढे ठेवायची सोय दिली. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, मग वायर शोधतंय कोण! आणि 1 जून 2021 पासून ती फुकट सोय बंद. आता 15 जीबी भरले की महिन्याचं भाडं. लग्नाचे, बारशाचे फोटो तोवर तिकडे जाऊन बसलेले. भाडेकरूला हुसकवत कोणी नाही, पण सामान हलवणं किती अवघड असतं ते घर बदललेल्यांना विचारा.

तर, ओव्या अखेर फोनमध्ये गेल्या. आईने ऐकल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, "हे नेट नसताना पण वाजेल ना रे?"

वाजतं. कम्प्युटरवरची मूळ फाइल मी काढलेली नाही, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून मावशीकडे दिलीये.